स्कोपवर पकडलेली वेव्हफॉर्म एलटीस्पाइसच्या सोर्सला कशी द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी स्टार्ट करताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज स्कोपवर पकडला, २ सेकंदांत १० लाख पॉइंट, आणि सीएसव्ही पेनड्राइव्हवर घेतली. हीच वेव्हफॉर्म एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये पॉवर सप्लायच्या इनपुटला द्यायची आहे. फाइल जोडली की कधी एरर येतो, कधी सिम्युलेशन रांगत चालते. चाललेच तर ४७० मायक्रोफॅरडच्या इनपुट कॅपॅसिटरमधून १५-२० अँपिअरचे स्पाइक दिसतात. प्रत्यक्ष बोर्डावर करंट प्रोब लावला तर असे काहीच दिसत नाही.

फाइल जोडणे हे एका ओळीचे काम आहे, ते आधी उरकून घेऊ. त्रास देतो तो फाइलमधला वेळेचा कॉलम. तो सुधारल्यावरही एक प्रश्न उरतोच: मोजलेला व्होल्टेज म्हणजे सोर्स नव्हे. त्याकडे शेवटी येतो.

सर्किटमध्ये साधा व्होल्टेज सोर्स ठेवा, त्यावर राइट-क्लिक करा, ॲडव्हान्स्डमध्ये जा, पीडब्ल्यूएल (पीसवाइज लिनिअर, म्हणजे सरळ तुकड्यांनी जोडलेली रेष) फाइल हा पर्याय निवडा आणि ब्राउझ करून फाइल दाखवा. ब्राउझ केले की ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ येऊन बसतो. तो खोडून फक्त फाइलचे नाव ठेवा आणि फाइल सर्किटच्याच फोल्डरमध्ये टाका. नाही तर सर्किट सहकाऱ्याला पाठवले की पहिल्याच रनला फाइल सापडत नाही म्हणून त्याचा फोन येणार. सोर्सच्या व्हॅल्यूच्या जागी शेवटी एवढेच दिसायला हवे:

पीडब्ल्यूएल फाइल=क्रँक.टीएक्सटी

इथे देवनागरीत लिहिले असले तरी प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत टाइप करायचे आहे, आणि फाइलमधले आकडेही इंग्रजीच हवेत. नावात किंवा पाथमध्ये स्पेस असेल तर दुहेरी अवतरण चिन्हे लावा. फोल्डरला मराठी नाव दिले असेल तर या कामापुरते साधे रोमन नाव ठेवलेले बरे. करंट सोर्सलाही हीच सोय आहे, म्हणजे लोडचा करंट प्रोफाइल मोजलेला असेल तर तोही असाच देता येतो.

फाइलचे स्वरूप अगदी साधे. प्रत्येक ओळीत दोन आकडे: आधी वेळ सेकंदांत, मग व्होल्टेज. मध्ये स्पेस, टॅब किंवा कॉमा.

०   १२.४१
०.०००१   १२.४०
०.०००२   १२.३८

दोन पॉइंटमध्ये एलटीस्पाइस सरळ रेष ओढतो. पहिल्या पॉइंटच्या आधी पहिली किंमत आणि शेवटच्या पॉइंटनंतर शेवटची किंमत धरून ठेवतो. डॅकसारखी (डिजिटल आकड्यांवरून व्होल्टेज बनवणाऱ्या चिपसारखी) पायऱ्यांची वेव्हफॉर्म हवी असेल तर सरळ रेष चालणार नाही. मग प्रत्येक पायरीला दोन पॉइंट द्या आणि चढाला थोडा वेळ ठेवा, उदाहरणार्थ १० नॅनोसेकंद. एकाच वेळेला दोन किमती देऊन उभी भिंत बांधू नका.

आता एरर कुठून येतो ते पाहू. स्कोपच्या सीएसव्हीत वरच्या ओळींमध्ये चॅनेलचे नाव, युनिट, सॅम्पल रेट असा मजकूर असतो. तो सगळा काढायचा, पहिल्या ओळीपासून फक्त आकडे. शिवाय बहुतेक स्कोप ट्रिगरचा क्षण शून्य धरतात, त्यामुळे वेळ −०.२ पासून सुरू होऊन १.८ पर्यंत जाते. सिम्युलेशन मात्र शून्यापासून सुरू होते. म्हणून वेळेच्या कॉलममधून पहिली वेळ वजा करून सगळे उजवीकडे सरकवा. क्रँकिंगच्या, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवण्याच्या, आधीचा ०.२ सेकंदांचा शांत भागही कामाचा आहे, तो कापू नका. सर्किटला स्थिर व्हायला तेवढा वेळ मिळतो.

काही स्कोप तर वेळ लिहीतच नाहीत. पहिल्या कॉलममध्ये ०, १, २ असे क्रमांक असतात, आणि सुरुवातीची वेळ व दोन सॅम्पलमधले अंतर हेडरमध्ये दिलेले असते. अशा फाइलला पुन्हा लिहायचीही गरज नाही. हेडर काढा आणि फाइल या शब्दाच्या आधी टाइम_स्केल_फॅक्टर=२यू लिहा, म्हणजे प्रत्येक क्रमांक २ मायक्रोसेकंदांनी गुणला जाईल. तसाच व्हॅल्यू_स्केल_फॅक्टर आहे. प्रोब दहापटीवर आणि स्कोपचा चॅनेल एकपटीवर राहिला म्हणून १२.४ च्या जागी १.२४ नोंदले गेले असेल, तर तिथे १० लिहिले की झाले. आकड्यामागे अक्षर लावताना एक जपा: स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, मग तो लहान लिहा की मोठा. मेगासाठी एमईजी अशी तिन्ही अक्षरे लागतात.

सगळ्यात जास्त फाइली मात्र एक्सेलमध्ये मरतात. स्कोप वेळ घातांकी रूपात लिहितो, म्हणजे १.२३४५६२ई+००. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की तो त्या कॉलमला आपणहून सायंटिफिक फॉरमॅट लावतो, दशांशानंतर दोनच आकड्यांचा. पडद्यावर १.२३ई+०० दिसते. आत पूर्ण आकडा शाबूत असतो, म्हणून कोणी काळजी करत नाही. पण हेडरच्या ओळी उडवून फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की एक्सेल पडद्यावर दिसते तेच लिहितो. आता १.२३ नंतरची पुढची वेळ थेट १.२४. मधल्या १० मिलिसेकंदांतल्या, २ मायक्रोसेकंदांच्या अंतराने घेतलेल्या, ५,००० ओळींची वेळ एकच झाली. पीडब्ल्यूएलमध्ये वेळ प्रत्येक ओळीगणिक पुढे सरकली पाहिजे. एकाच क्षणाला ५,००० वेगवेगळे व्होल्टेज कसे असतील? तुमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून मधल्या पाच-दहा ओळी नुसत्या वाचा. वेळेचे आकडे सारखे दिसले तर एररचे कारण सापडले.

स्कोपनेच सहा आकड्यांपर्यंत वेळ लिहिली असेल तरी हेच होते, फक्त कमी प्रमाणात. १ सेकंदाच्या पुढे सहा सार्थ आकडे म्हणजे १० मायक्रोसेकंदांचे रिझोल्यूशन, म्हणजे २ मायक्रोसेकंदांच्या सॅम्पलिंगला पाच-पाच ओळींची वेळ एक. त्यामुळे स्कोपने लिहिलेल्या वेळेच्या कॉलमवर विसंबूच नये. तो फेकून द्या आणि ओळीचा क्रमांक गुणिले सॅम्पलमधले अंतर असा नवा कॉलम बनवा. सॅम्पलमधले अंतर हेडरमधून घ्या, दोन ओळींच्या वजाबाकीतून काढू नका, कारण त्या वजाबाकीतच राउंडिंगची चूक बसलेली असते.

एक्सेलच वापरायचे असेल तर सेव्ह करण्याआधी वेळेच्या कॉलमला दशांशानंतर ९ आकड्यांचा नंबर फॉरमॅट द्या. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, त्यामुळे १० लाखांची फाइल कशीबशी बसते आणि १ कोटीची बसत नाही. सेव्ह करताना यूटीएफ-८ सीएसव्ही हा पर्याय टाळा. त्यात फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात, मग पहिल्या ओळीतला आकडा आपल्याला आकडा दिसतो आणि प्रोग्रामला कचरा. साधी सीएसव्ही किंवा टॅबवाली टेक्स्ट फाइल चांगली.

आता सिम्युलेशन रांगण्याबद्दल. पीडब्ल्यूएलमधला प्रत्येक पॉइंट म्हणजे रेषेचा एक कोपरा, आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी सिम्युलेटरला पाऊल टाकावेच लागते. १० लाख कोपरे म्हणजे किमान १० लाख पावले, आणि बहुतेक कोपऱ्यांवर सिग्नल नसून स्कोपचा आवाज (नॉइज) असतो. क्रँकिंगच्या वेव्हफॉर्ममध्ये पाहण्यासारखे काय असते? स्टार्टर जोडला जातो तेव्हाची काही मिलिसेकंदांतली पहिली खोल घसरण, आणि मग इंजिन फिरताना कॉम्प्रेशनमुळे येणारे सावकाश चढउतार. यासाठी २ मायक्रोसेकंद ही चैन आहे. १०० मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे २ सेकंदांना २०,००० पॉइंट.

कमी करताना दर पन्नासावी ओळ उचलू नका. तशी उचलली तर आवाज जसाच्या तसा राहतो आणि जास्त वारंवारतेचा भाग खाली दुमडून खोट्या लाटा बनून येतो. पन्नास-पन्नास सॅम्पलची सरासरी घ्या. पायथनमध्ये चार ओळींचे काम आहे: नमपायच्या लोडटीएक्सटीने हेडर वगळून व्होल्टेजचा कॉलम वाचायचा, रीशेपने दर ओळीत ५० सॅम्पल अशी मांडणी करायची, प्रत्येक ओळीची मीन काढायची, आणि सेव्हटीएक्सटीने नव्या वेळेसोबत लिहायची. वेळेला दशांशानंतर ९ आकडे असलेले घातांकी रूप द्या. एकूण सॅम्पल ५० ने भागले जात नसतील तर शेवटचे उरलेले सोडून द्या, नाही तर रीशेप अडून बसेल. एक बारकावा: ०, २, ४ पासून ९८ मायक्रोसेकंदांपर्यंतच्या सॅम्पलची सरासरी ही ४९ व्या मायक्रोसेकंदाची किंमत असते, शून्याची नव्हे. एकाच चॅनेलला याने फरक पडत नाही. दोन चॅनेल दोन सोर्सना देत असाल तर दोघांना सारखीच वागणूक द्या.

पीडब्ल्यूएलला सगळी अंतरे सारखी लागत नाहीत, याचा फायदा घ्या. घसरणीभोवतीचे २० मिलिसेकंद १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने ठेवा, ते झाले २,००० पॉइंट. उरलेले १.९८ सेकंद १०० मायक्रोसेकंदांनी, ते १९,८००. पहिली कड धारदार राहते आणि फाइल हलकी.

आता त्या १५-२० अँपिअरच्या स्पाइकचा हिशेब करू. ८ बिटच्या स्कोपला पूर्ण उंचीत २५६ पायऱ्या असतात. पूर्ण उंची २० व्होल्ट धरली तर एक पायरी साधारण ७८ मिलिव्होल्टची. बॅटरीचा व्होल्टेज अगदी स्थिर असला तरी स्कोपच्या डेटात तो या दोन पायऱ्यांमध्ये उड्या मारतो. पीडब्ल्यूएल या उडीची २ मायक्रोसेकंदांची सरळ रेष बनवतो. कॅपॅसिटरचा करंट म्हणजे सी गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग:

४७० मायक्रोफॅरड × ०.०७८ व्होल्ट ÷ २ मायक्रोसेकंद = सुमारे १८ अँपिअर

तुम्हाला दिसतो तो हाच आकडा. हा करंट गाडीत वाहत नाही, तो स्कोपच्या एका बिटाचा करंट आहे. कॅपॅसिटरला ०.१ ओहम ईएसआर (त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स) दिला तरी करंट ०.०७८ ÷ ०.१, म्हणजे पाऊण अँपिअरच्या आसपास येतो. लायब्ररीतला आदर्श कॅपॅसिटर तसाच ठेवण्याची सवय इथे नडते. डेटाशीटमधला ईएसआर कॅपॅसिटरच्या राइट-क्लिक विंडोत भरा. सरासरी घेतल्यावर पायऱ्याही गुळगुळीत होतात, त्यामुळे दोन्ही केले की स्पाइक जवळजवळ नाहीसे होतात. आणि पुढच्या वेळी मोजतानाच व्होल्ट-पर-डिव्हिजन असे लावा की वेव्हफॉर्म पडद्याची उंची भरेल. स्कोपला हाय-रिझोल्यूशन मोड असेल तर तो वापरा.

ट्रान्झियंटच्या सेटिंगमध्ये स्टॉप टाइम २ ठेवा. मॅक्सिमम टाइमस्टेप रिकामा सोडला तरी पीडब्ल्यूएलचे कोपरे चुकत नाहीत, पण प्लॉट नीट दिसावा म्हणून ५० मायक्रोसेकंद द्यायला हरकत नाही. स्टार्टअप हा पर्याय इथे टिक करू नका. त्यात सगळे सोर्स पहिल्या २० मायक्रोसेकंदांत शून्यापासून चढवले जातात, १२.४ व्होल्ट ४७० मायक्रोफॅरडमध्ये २० मायक्रोसेकंदांत चढवायचे तर २९० अँपिअर लागतील. टिक नसेल तर एलटीस्पाइस फाइलच्या पहिल्या किमतीवर डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतो, म्हणजे कॅपॅसिटर आधीच १२.४ व्होल्टला भरलेला, आणि क्रँकिंगच्या आधीची खरी स्थिती तीच असते.

पुढे ४०० किलोहर्ट्झचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा स्विचिंग रेग्युलेटर) असेल तर २ सेकंद म्हणजे ८ लाख स्विचिंग सायकल. फाइल कितीही हलकी केली तरी हे लवकर संपणार नाही. अशा वेळी आधी रेग्युलेटरच्या जागी सरासरी मॉडेल (ज्यात प्रत्येक स्विचिंग दाखवलेले नसते) ठेवून पूर्ण २ सेकंद चालवा, सगळ्यात वाईट जागा शोधा, आणि तेवढेच ३०-५० मिलिसेकंद कापून खऱ्या स्विचिंग मॉडेलला द्या. कापलेल्या तुकड्याची वेळ पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका.

वेव्हफॉर्म पुन्हा पुन्हा हवी असेल तर रिपीट फॉरएव्हर लिहून कंसात फाइल द्यायची आणि शेवटी एंडरिपीट. इथे शिवण सांभाळावी लागते. समजा घरच्या मेन्सची एक सायकल पकडली आहे, २० मिलिसेकंद, १०० मायक्रोसेकंदांच्या अंतराने २०० पॉइंट. पहिली ओळ ०, म्हणून शेवटची १९.९ मिलिसेकंदांची. ही रिपीट केली तर आवर्तन १९.९ मिलिसेकंदांचे होते आणि तुमचा ५० हर्ट्झ ५०.२५ होतो, शिवाय सांध्यावर उडी येते. २० मिलिसेकंदांना पहिलीच किंमत पुन्हा लिहून २०१ वी ओळ जोडा.

डेटा समान अंतराचा असेल आणि पॉइंट कमी करायचेच नसतील, तर वेव्ह फाइलचा मार्गही आहे. सोर्सच्या व्हॅल्यूत वेव्हफाइल=नाव.वेव्ह चॅन=० असे लिहायचे. वेव्हची पूर्ण पट्टी −१ ते +१ व्होल्ट धरली जाते, म्हणून आधी व्होल्टेजला २० ने भागून फाइल बनवा आणि सर्किटमध्ये २० गेनचा ई सोर्स लावून परत वाढवा. १६ बिटला पायरी साधारण ०.६ मिलिव्होल्टची पडते, स्कोपपेक्षा कितीतरी बारीक. फाइल ऑडिओ एडिटरमधून मात्र नेऊ नका. नॉर्मलाइझ किंवा डीसी काढणे यांपैकी काही झाले तर १२ व्होल्ट कुठे गेले हे शोधत बसाल. पायथनच्या सायपायमधून सॅम्पल रेट ५,००,००० (२ मायक्रोसेकंदांच्या अंतराला) देऊन सरळ लिहा.

दुसरे सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. पीस्पाइसमध्ये व्हीपीडब्ल्यूएल_फाइल हा पार्ट आहे, त्याचे टीएसएफ आणि व्हीएसएफ म्हणजे वेळेचा आणि व्होल्टेजचा गुणक. मल्टिसिमच्या पीसवाइज लिनिअर सोर्सलाही फाइल दाखवता येते. एनजीस्पाइसमध्ये, म्हणजेच कायकॅडमध्येही, फाइलसोर्स नावाचे मॉडेल आहे. त्यात टाइमस्केल, ॲम्पलस्केल आणि ॲम्पलस्टेप असे पॅरामीटर मिळतात, आणि ॲम्पलस्टेप ट्रू केला की रेषेऐवजी पायऱ्या मिळतात.

राहिला सोर्सचा प्रश्न. पीडब्ल्यूएल सोर्सचा अंतर्गत रेझिस्टन्स शून्य असतो, बोर्डाने काहीही मागितले तरी तो मोजलेलाच व्होल्टेज देत राहतो. तुमचा बोर्ड १-२ अँपिअर घेतो आणि स्टार्टर शेकडो अँपिअर, त्यामुळे बॅटरी तुमच्यामुळे वाकत नाही. व्होल्टेज बॅटरीच्या टर्मिनलवर मोजला असेल तर सोर्स आणि बोर्ड यांच्यामध्ये हार्नेस (मधली वायरिंग) दाखवा: ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री, आणि वायर, फ्यूज व कनेक्टर यांचा मिळून मोजलेला रेझिस्टन्स. बोर्ड जोडलेला असताना त्याच्या कनेक्टरवरच मोजला असेल तर वायरमधली घट आकड्यांत आधीच आहे. पुन्हा रेझिस्टर लावला तर ती दोनदा मोजली जाईल.

लोड डंपला, म्हणजे चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरकडून येणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीला, मात्र उलटा नियम. आयएसओ १६७५०-२ मध्ये १२ व्होल्टच्या गाडीसाठी दाबून न टाकलेली पल्स ७९ ते १०१ व्होल्टची आणि सोर्सचा रेझिस्टन्स ०.५ ते ४ ओहम असा दिला आहे. तो व्होल्टेज लोड नसतानाचा आहे. १०१ व्होल्ट आणि ४ ओहम धरून ३६ व्होल्टला क्लॅम्प करणारा टीव्हीएस (जादा व्होल्टेज दाबणारा डायोड) असेल, तर करंट (१०१ − ३६) ÷ ४, म्हणजे सव्वासोळा अँपिअर. तो ४ ओहमचा रेझिस्टर विसरला तर सिम्युलेशनमधल्या टीव्हीएसमधून शेकडो अँपिअर जातील आणि तुम्ही नको तेवढा मोठा पार्ट निवडाल. या पल्सला फाइलही लागत नाही, चार-पाच पॉइंट हाताने लिहिले तरी पुरतात.

रन झाल्यावर सर्किटचा आउटपुट पाहण्याआधी सोर्सचाच नोड प्लॉट करा. किमान व्होल्टेज आणि तो येण्याची वेळ .मेज कमांडने काढून स्कोपच्या कर्सरशी ताडा. किमान व्होल्टेज स्कोपपेक्षा दहा-वीस मिलिव्होल्टने वर आला तर तो सरासरीचा परिणाम आहे, चालेल. अर्धा व्होल्ट वर आला तर घसरणीभोवतीचे पॉइंट अजून दाट करा. एफएफटी (वारंवारतांचा स्पेक्ट्रम) काढायचा असेल तर ऑप्शन्समध्ये प्लॉटविनसाइझ=० लिहा, नाही तर एलटीस्पाइसने साठवताना केलेले कॉम्प्रेशन स्पेक्ट्रममध्ये आवाज म्हणून दिसेल.